कडेकडेनं

आमच्या गल्लीच्या डाव्या अंगाला सकाळी साडेसहाला सत्तावीस गाड्या उभ्या असतात. हा आकडा माझा नाही, माझ्या लेकीचा. ती नऊ वर्षांची आहे आणि गेले काही महिने ती या सत्तावीसच्या सत्तावीस गाड्यांना घंटी वाजवत जाते. घंटी जुन्या पद्धतीची, अंगठ्यानं दाबायची. पांढरी व्हॅन, ट्रिंग. निळी छोटी गाडी, ट्रिंग. चिंचेच्या झाडाखाली एक गाडी कित्येक महिन्यांत हललेली नाही. तिचे चारही टायर बसलेत, काचेवर पाल्याचा थर साचलाय, वायपरमध्ये कुणी खोचलेल्या जाहिरातीचा भिजून भिजून लगदा झालाय. तिलाही ट्रिंग. मागच्या आठवड्यात मला राहवलं नाही. मागून म्हणालो, "अगं, त्या गाडीत कुणी नाहीये." तिनं मान वळवली नाही. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुला कसं माहीत?"

मी गप्प बसलो.

प्रश्न उद्धटपणे विचारलेला नव्हता, चिडूनही नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या रविवारी, पुढच्या त्या करड्या गाडीत कुणी आहे का, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी तितक्याच खात्रीनं नाही म्हणालो असतो.

त्या दिवशी आम्ही पुण्यात डहाणूकर कॉलनीकडून मयूर कॉलनीकडे निघालो होतो, इडली खायला. रस्ता निवांत होता. फुटपाथवर आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा लाल कचरा पडलेला, हवेत अजून दारूचा वास. लेक पुढे, मी तिच्या मागे दहा-बारा फुटांवर. आणि त्या करड्या गाडीचं दार उघडलं. धडकेचा आवाज मला आठवत नाही. आठवतो तो दाराचा खटका. अगदी साधा, रोज ऐकतो तसा. हँडलचं डावं टोक दाराच्या कडेला लागलं, सायकल गर्रकन उजवीकडे फिरली आणि लेक रस्त्याच्या मध्यावर उजव्या खांद्यावर पडली. मागून स्कूटर येत होती. ब्रेक करकचून लागल्याचा आवाज, जळक्या रबराचा वास, आणि स्कूटरचं पुढचं चाक तिच्या वेणीपासून हातभर अंतरावर थांबलेलं. ती रडली नाही. उताणी पडून आकाशाकडे बघत तिनं एवढंच विचारलं, "दार कुणी उघडलं?"

मग लोक जमले. दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेल्या एका बाईंनी पिशव्या रस्त्याच्या कडेला ठेवल्या आणि तिचं डोकं हलू न देता दोन्ही तळव्यांत धरून ठेवलं. माझे हात थरथरत होते, त्यांचे नाही. एक रिक्षावाले थांबले, सायकल रिक्षाच्या मागे अडकवली आणि आम्हाला दवाखान्यात नेलं. मीटर पाडलाच नाही. तिथे त्यांचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी न कचरता सांगितलं, नंबरही दिला. पूर्वी अपघातात मदत करायला लोक घाबरायचे, कारण पुढे पोलीस आणि कोर्टाचं झेंगट मागे लागायचं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं आणि मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. पण त्या सकाळी त्या दोघांच्या डोक्यात कलम असेल असं मला वाटत नाही. पोर पडलेली दिसली आणि ते थांबले.

उजवी हासळी मोडली होती. या वयात हाड लवकर सांधतं, तीन-चार आठवडे हात झोळीत ठेवायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. हेल्मेट मी घरी घेऊन आलो. बाहेरून त्याच्यावर नुसता एक ओरखडा होता. आतलं मऊ अस्तर सोलून काढलं तेव्हा थर्मोकोलमध्ये उजव्या कानशिलाच्या जागी केसाएवढी बारीक चीर दिसली. बोटानं दाबलं की उघडायची, सोडलं की मिटायची. हेल्मेटनं एकदा मार खाल्ला की त्याचं काम संपतं, ते पुन्हा वापरायचं नसतं. ते मी टाकून द्यायला हवं होतं. अजून माझ्या कपाटात आहे.

त्या रात्री आणि नंतरच्या कित्येक रात्री मला झोप लागली नाही. छळत होता तो दाराचा खटका नाही, माझा स्वतःचा आवाज. कारण दार उघडण्याच्या काही सेकंद आधी लेक जरा रस्त्याच्या मध्याकडे सरकली होती. उभ्या गाड्यांच्या इतक्या जवळून जायला तिला नको वाटत असणार. मी मागून ओरडलो होतो, "कडेनं! कडेकडेनं जा!" ती ऐकणारी मुलगी. लगेच आत आली, गाड्यांपासून वीतभर अंतरावर. उघडणारं दार मीटरभर बाहेर येतं. ती आधी जिथे होती तिथे दार नव्हतंच. जिथे दार होतं तिथे तिला मी आणून ठेवली.

'कडेनं' हा शब्द मला माझ्या वडिलांकडून मिळालाय. सांगलीला आमच्या घराच्या फाटकाशी उभे राहून अण्णा रोज सकाळी तो म्हणायचे. त्यांची काळी बावीस इंची सायकल होती, तिच्या दांडीला पंचा गुंडाळलेला असायचा आणि मी त्यावर बसायचो. विश्रामबागेवरून मिरजेला ते रोज नोकरीवर सायकलनं जायचे आणि यायचे. एकदा कॅरिअरवर बसलो असताना माझी टाच मागच्या चाकाच्या आऱ्यांत गेली. टाचेच्या मागची कातडी लोंबली होती. अण्णांनी पंचा सोडून पायाला बांधला आणि मला खांद्यावर घेऊन, सायकल एका हातानं ढकलत, डॉक्टरांकडे चालत नेलं. त्यांच्या शर्टाला येणारा घामाचा आणि तपकिरीचा वास मला अजून येतो. तो व्रण अजून आहे. त्यानंतर महिनाभर त्यांनी मला सायकलवर घेतलं नाही, आणि मग एका रविवारी मैदानात नेऊन हाफ पायडल शिकवलं. दुसऱ्याच्या मागे बसण्यापेक्षा स्वतःच्या पायांवर बसलेलं बरं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. बोलायचे ते एवढंच, "कडेनं जा रे."

आणि तेव्हा कड होती. रस्त्याचं डांबर संपलं की दोन्ही बाजूंना मुरुमाची रुंद साइडपट्टी, तिच्या पलीकडे झाडं. मागून लाल एसटी आली की सायकलवाला निवांत मुरुमावर उतरायचा. चाकाखाली कुरकुर आवाज व्हायचा, एसटी धुरळा उडवत जायची, की पुन्हा डांबरावर. हंगामात उसाच्या बैलगाड्या रांगेनं चालायच्या, तळाशी कंदील हेलकावत. त्याही कडेनंच. कड मोकळी होती, म्हणून ती आसऱ्याची जागा होती. माझ्या लेकीच्या रस्त्याची कड म्हणजे उभ्या गाड्या, त्यांची दारं, चेंबरची वरखाली झाकणं, पावसाळी पाण्याच्या जाळ्या, सिमेंटचा रस्ता आणि कडेचं डांबर यांच्यामधली चाक अडकेल एवढी फट, बांधकामाची सांडलेली बारीक खडी. शब्द तोच राहिला आणि त्याखालची जमीन कुणीतरी काढून घेतली, हे माझ्या लक्षातच आलं नाही. अण्णांनी मला दिलं ते बरोबर होतं. मी न तपासता ते तसंच पुढे दिलं.

अपघाताच्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कडेनं चालवत होती ना रे ती?"

"हो अण्णा. कडेनंच."

पुढच्या रविवारी मी एकटाच तिथे गेलो. स्कूटरच्या टायरचा काळा पट्टा रस्त्यावर अजून होता. स्कूटरवाला मुलगा जिन्नस घरपोच करणारा होता, पाठीवर मोठी चौकोनी पिशवी. त्या दिवशी तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, "काका, मी हळूच होतो, पत्ता शोधत होतो." खरंच हळू होता, वेग ताशी तीसच्या आसपास असावा. मी पावलं टाकून अंदाज घेतला. लेक पडली तेव्हा तो तिच्यापासून तेरा-चौदा मीटरवर असावा. घरी येऊन कागदावर गणित मांडलं. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात, दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर गाडी आठ मीटर पुढे जाते. मग ब्रेक लागून थांबायला आणखी पाच मीटर. एकूण तेरा. ताशी ५० असता, तर त्या एका सेकंदातच जवळजवळ चौदा मीटर गेले असते आणि ब्रेक तिथून पुढे लागायला सुरुवात झाली असती. म्हणजे जिथे माझी लेक पडली होती, तिथवर तो पूर्ण वेगात आला असता. त्या मुलाला पत्ता पाठ असता तर. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि बायकोला दाखवला नाही. नंतर तिनंच तो धुवायच्या कपड्यांत शोधला.

दार उघडणारे गृहस्थ तिसऱ्या दिवशी घरी आले, पत्नीला घेऊन. वय सत्तरीच्या पुढे, पांढरा इस्त्रीचा शर्ट. सोफ्याच्या अगदी टोकावर बसले. माझ्या मनात राग तयार होता, शब्दांची जुळवाजुळवही झाली होती. त्यांनी सरळ सांगितलं, "फोन वाजत होता, मी खाली बघत होतो. आरशात बघितलंच नाही. चूक माझी आहे." त्यांच्या पत्नी लेकीच्या झोळीकडे बघत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. लेकीनं आतून येऊन विचारलं, "तुम्हीच का ते?" ते हो म्हणाले. ती म्हणाली, "तुम्हाला मी दिसले नाही का?" ते नाही म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. मी पाणी आणायला आत गेलो आणि ओट्याशी बराच वेळ उभा राहिलो. माझा राग कमी झाला असं नाही. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसखाली गाडी लावली, उजव्या हातानं दार ढकललं, एक पाय बाहेर टाकला आणि थबकलो. मागे बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधी बघितलं असेल?

माझी मावसबहीण नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला राहते. लेकीची चौकशी करायला तिचा फोन आला तेव्हा तिनं मला एक साधी गोष्ट शिकवली. तिकडे गाडीचं दार रस्त्याच्या बाजूच्या हातानं उघडत नाहीत, आतल्या बाजूच्या हातानं उघडतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्यानं डाव्या हातानं. करून बघितलं. डावा हात छातीवरून आडवा उजव्या दाराच्या खिटीपर्यंत न्यायचा म्हटलं की आधी कंबर वळते, मग खांदा, मग मान, आणि डोळे आपोआप आरशावरून मागच्या रस्त्यावर जातात. बघायचं लक्षात ठेवावं लागत नाही, शरीरच बघतं. आता आमच्या घरात सगळे असंच दार उघडतात. पहिले काही दिवस मला चुकीच्या हातानं जेवल्यासारखं वाटायचं.

मावसबहीण म्हणाली, तुला वाटतं हे लोक जन्मतःच सायकलवाले आहेत, तसं नाहीये. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. ज्याचं स्वतःचं मूल रस्त्यावर गेलं होतं त्या विक लांगनहॉफ नावाच्या पत्रकारानं १९७२ मध्ये लेख लिहिला, आणि त्याच्या मथळ्यावरून चळवळ उभी राहिली, 'मुलांची हत्या थांबवा'. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले, सायकली आडव्या टाकून स्वतःही आडवे झाले. अपघात हा शब्द त्यांनी मानलाच नाही. तिचा मुलगा गेल्या वर्षी शाळेतर्फे रहदारीची परीक्षा देऊन आला, लेखी एक आणि खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून एक. तिनं अभिमानानं फोटो पाठवला होता, तेव्हा मी नुसता अंगठा दाखवून सोडून दिला होता. आता तो फोटो पुन्हा काढून बघितला. नारिंगी जाकीट घातलेला अकरा वर्षांचा पोरगा, डावा हात आडवा पसरून वळणार असल्याची खूण करतोय, आणि मागची मोटार त्याच्यासाठी थांबलीय.

आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत अठराच्या आतली ९,५२८. दिवसाला सव्वीस. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा लेक शेजारच्या खोलीत डाव्या हातानं चित्र काढत होती. मी उठून तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो, तिनं वर बघितलं, मी काही नाही म्हणालो.

झोळी निघाली. हासळीवर सुपारीएवढी गाठ राहिली होती, नवं हाड धरतं तेव्हा अशी येते आणि हळूहळू झिजून जाते. ती येणाऱ्याजाणाऱ्याला फ्रॉकचा गळा बाजूला करून ती गाठ हात लावून बघायला लावायची. सायकलचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. बायको पहिल्या आठवड्यात म्हणाली होती, "भंगारात दे ती." नंतर काही म्हणाली नाही, पण जिन्याखाली ठेवलेल्या सायकलवर तिनं जुनी चादर टाकली होती. बिल्डिंगमधले म्हणायचे, कशाला पाहिजे पोरीला रस्त्यावर सायकल, स्कूटरवर सोडा, गाडीनं सोडा. त्यांची काळजी खरी होती. मीही दोन महिने तिला गाडीनंच सोडलं. शाळेच्या गेटसमोर रोज तीस-चाळीस गाड्या, सगळे घाईत, सगळे रस्त्याच्या बाजूची दारं उघडतायत, आणि त्यांच्यामधून वाट काढत सायकलवरची चार-दोन मुलं. त्या रांगेत माझीही एक गाडी वाढली होती. एका सकाळी लेकच म्हणाली, "बाबा, माझी सायकल बरी झाली का?"

सायकलवाल्या मामांकडे चादरीसकट नेली. त्यांचं दुकान म्हणजे दोन फाटकांमधली जागा, वर पत्रा, खाली पंक्चरचं पाणी भरलेलं घमेलं. पुढचं चाक पुरतं आउट झालं होतं. मामांनी सायकल उलटी करून चाक फिरवलं आणि ब्रेकच्या रबराशी खडू धरला. चाक जिथे वाकडं तिथे रिमला खडू लागत गेला. मग चावीनं तारा, डावीकडची पाव आटा आवळायची, उजवीकडची पाव आटा सोडायची. पुन्हा फिरवायचं, पुन्हा खडू. अर्ध्या तासानं खडू कुठेच लागेना. मग त्यांनी लेकीला बसवलं आणि माझ्याकडे बघितलं. "साहेब, ही सायकल हिला मोठी आहे." होतीच. दोन वर्षं पुरेल म्हणून मी वाढत्या अंगाची घेतली होती, जशी आई शाळेचा गणवेश घ्यायची. तिचे पाय नुसते चवड्यांवर टेकत होते. आणि ब्रेकच्या लिव्हरला तिची बोटं पुरत नव्हती, पहिलं पेर जेमतेम पोचायचं. म्हणजे ती पडायच्या आधीही धड ब्रेक मारू शकत नव्हती. मामांनी लिव्हरच्या आत लपलेला एक बारीक स्क्रू आवळला, तशी लिव्हर हँडलच्या जवळ आली. सीट खाली घेतली. "दाब आता." तिनं दाबला, चाक जागेवर थांबलं. एवढासा स्क्रू. दीड वर्ष तो तिथेच होता.

मग पार्किंगमधली शाळा सुरू झाली. रोज संध्याकाळी वीस मिनिटं. खडूनं दोन रेघा मारायच्या, पहिलीवर ब्रेक मारायचा, दुसरीच्या आत थांबायचं. उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, डावा मागच्या; नुसता उजवा करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो, म्हणून दोन्ही बरोबर. हे तिनं दोन दिवसांत उचललं. अवघड गेलं ते मागे बघणं. सायकल सरळ चालत राहिली पाहिजे आणि उजव्या खांद्यावरून मागे बघता आलं पाहिजे. लहान मूल जिकडे बघतं तिकडे हँडल वळवतं. मी तिच्या मागे चालायचो, हात वर करून बोटं दाखवायचो, तिनं मागे बघून किती ते सांगायचं. आणि तिची मान उजवीकडे वळेना. डावीकडे छान वळायची. उजवीकडे अर्ध्यावर आली की थांबायची, खांदे कानापर्यंत वर जायचे. हाड सांधलं होतं, दुखत नव्हतं. मी काही बोललो नाही, पण बोटं दाखवणं सोडलं नाही. अकराव्या की बाराव्या दिवशी ती ओरडली, "तीन! आणि तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय!" खाली बघितलं, खरंच तुटलं होतं.

याच काळात एक गोष्ट वाचली आणि माझी आणखी एक समजूत मोडली. येणारी गाडी किती वेगात आहे हे आपण डोळ्यांत तिची प्रतिमा किती भराभर मोठी होते त्यावरून ताडतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांना असं आढळलं की प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ताशी ३० किलोमीटरच्या थोड्या वरच्या वेगानं येणारी गाडी जवळ येतेय हे खात्रीनं ओळखताच येत नाही. त्यांचं लक्ष नसतं म्हणून नाही, तेवढी बारीक जाणीव तयारच झालेली नसते. किती वेळा मी तिला रागावलोय, गाडी दिसत नाही का म्हणून. तिला दिसत होती. वेग दिसत नव्हता. तेव्हापासून चौकात मी तिच्या उजव्या हाताला, रहदारीच्या बाजूला थांबतो आणि निघायचा निर्णय माझा असतो. सरळ रस्त्यावर ती पुढे, मी मागे, तिच्यापेक्षा हातभर जास्त उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी मी लागेन.

आणि कड सोडली. उभ्या गाड्यांपासून उघड्या दाराचं अंतर, त्यावर आणखी थोडं. सांगायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मागून हॉर्न वाजला तेव्हा माझं सगळं अंग आपोआप डावीकडे ओढलं गेलं. चाळीस वर्षांची सवय. एक दुचाकीवाला बरोबरीला येऊन म्हणाला, "ओ, पोरीला कडेला घ्या की!" त्याच्या आवाजात दरडावणी होती, पण खाली काळजीही होती, अगदी अण्णांसारखी. माझ्या छातीत धडधडत होतं. आपण दुसऱ्याची वाट अडवतोय अशी लाज वाटत होती, आणि ती लाज खोटी आहे हेही कळत होतं. लेकीनं हँडल सरळ धरलं होतं. मी म्हणालो, "तिकडे दारं उघडतात, दादा." तो काही न बोलता थोडा हळू झाला, आणि जागा मिळाल्यावर लांबून वळसा घालून गेला. तेव्हापासून हॉर्न ऐकला की मी स्वतःला आठवण करून देतो की हॉर्न मारणाऱ्याला आम्ही दिसलोय. ज्याला दिसलो नाही तो हॉर्न मारत नाही.

पुण्यात सायकल ट्रॅक नाहीत असं नाही. २००६ साली सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली तेव्हा तिच्यासोबत ते आले. २०१७ साली सगळ्या शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. एका रविवारी आम्ही मुद्दाम एक ट्रॅक गाठला. लाल पेव्हर ब्लॉक, काही उचकटलेले. शंभर पावलांवर भजीची गाडी, मग दुचाक्यांची रांग, मग विजेचा डीपी, मग ट्रॅक एका दुकानाच्या पायरीला जाऊन संपला. लेक उतरली, सायकल हातात धरून ती पायरी बघत राहिली. "इथून पुढे कुठे जायचं?" मी रस्त्याकडे बोट दाखवलं. माझ्या लहानपणी या शहराची ओळख सायकलींचं शहर अशी करून दिली जायची आणि सांगलीहून इथे शिकायला येताना मी माझी सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली होती. तिला हे सांगितलं तर खरं वाटणार नाही म्हणून सांगितलं नाही.

हे सगळं करून मी बरोबर करतोय का? रात्री कधीकधी तो गणिताचा कागद डोळ्यांपुढे येतो. बायको सकाळी गॅलरीत उभी राहते, आम्ही वळणाआड जाईपर्यंत. ती हात हलवत नाही, लेकीचं लक्ष विचलित होईल म्हणून. परत आल्याची घंटी खाली वाजेपर्यंत ती चहा घेत नाही, हे मला लेकीच्या आजीनं सांगितलं. ती मला थांबवत नाही. मीही तिला, काही होणार नाही, असं म्हणत नाही.

त्या प्रश्नानंतर चार-पाच दिवसांनी, काल, आम्ही पुन्हा गल्लीतून निघालो. पांढरी व्हॅन आली आणि गेली. घंटी वाजली नाही. निळी गाडी गेली. नाही. मी चरकलो. कंटाळली? विसरली? भीती गेली की सावधपणाच गेला? चिंचेखालची गाडी गेली, नाही. आम्ही गाड्यांपासून हवं तेवढं अंतर राखून चाललो होतो, तरी माझ्या घशाला कोरड पडली. जरा जोरात पायडल मारून मी जवळ गेलो आणि विचारलं, "आज घंटी का नाही?"

"आत कुणी नव्हतं."

"तुला कसं माहीत?"

"बाहेरच्या आरशात बघायचं ना," ती म्हणाली. "कुणी बसलं असेल तर आरशात तोंड दिसतं. आणि मागचे लाल दिवे बघायचे. मला आधी माहीत नव्हतं." दोन गाड्या गप्प गेल्या. तिसरी करडी होती, तीच नव्हे, तशीच दुसरी. तिच्या उजव्या आरशात मला काहीच दिसलं नाही, नुसतं सकाळचं ऊन. लेक मात्र आणखी हातभर उजवीकडे सरकली, त्याआधी खांद्यावरून मागे माझ्याकडे बघून घेतलं, आणि अंगठा दाबला.

ट्रिंग. आरशातलं ऊन हललं.